मदत हवी आहे: ४८ व्होल्टची ई-सायकल चढावर बंद पडते, नवीन पॅकसाठी कुठले सेल घेऊ?

फेरीतला_सायकलवाला
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. संध्याकाळी बेतीला फेरीबोटीतून उतरून पर्वरीचा चढ घेतला की सायकल अर्ध्यात ठप्प होते. डिस्प्लेवर ४६ व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरी संपलेली नाही. थोडं थांबून थ्रॉटल दिला की चालते, पुढच्या वळणावर परत तेच. मागे फेरीतून सुटलेल्या सगळ्या गाड्या हॉर्न मारत असतात. कंटाळलो. आता चांगल्यापैकी हाय परफॉर्मन्स पॅक बनवून घ्यायचा आहे. कुठले सेल घेऊ तेवढं सांगा. ७२ व्होल्ट केलं तर काय होईल? लवकर उत्तर द्या, सोमवारपर्यंत ऑर्डर टाकायची आहे.

ओहमचा_नियम
मोटर किती वॅटची? कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारा डबा) किती अँपिअरचा? आताच्या पॅकमध्ये किती सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक), किती पॅरलल (शेजारी-शेजारी)? बीएमएस (पॅकचं रक्षण करणारं, वेळ आली की करंट तोडणारं सर्किट) किती अँपिअरचा? यातलं एकही न सांगता सेल विचारताय.

अण्णा_डिचोली
डोळे मिटून एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या. बाकी सगळं विसरा. माझा एलएफपी पॅक खाणीच्या धुळीतून, पावसातून चालतोय, एक तक्रार नाही. दोन हजारांवर वेळा चार्ज-डिस्चार्ज होतो आणि पेट घ्यायची भीती फार कमी.

सरकारी_नियमवाला
आधी हे बघा की गाडी कायद्यात बसते का. ३० मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, एवढ्यात असेल तरच नोंदणी लागत नाही. त्यावर गेलात की ते मोटार वाहन. नंबरप्लेट, विमा, लायसन्स सगळं आलं. ७२ व्होल्टची स्वप्नं मग बघा.

फेरीतला_सायकलवाला
नियमवाले, मी बॅटरी विचारली. @ओहमचा_नियम मोटर मागच्या चाकात, कंट्रोलरवर २५ए लिहिलंय. पॅक तेरा बाय चार (तेरा गट सिरीजमध्ये, प्रत्येक गटात चार सेल पॅरलल), १८६५० आकाराचे सेल, वरचं वेष्टन गुलाबी. बीएमएसवर ३०ए. पॅक तयार घेतला होता, दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही.

ओहमचा_नियम
बरं. तेरा सिरीज म्हणजे फुल चार्जला ५४.६ व्होल्ट. चार पॅरलल म्हणजे २५ अँपिअरला एका सेलवर सव्वासहा अँपिअर. गुलाबी वेष्टनाचे खरे सॅमसंग ३५ई असतील तर सलग ८ अँपिअर देऊ शकतात. कागदावर पॅक पुरेसा आहे. बीएमएसही पुरेसा आहे. मग बंद का पडतो, हा खरा प्रश्न. (वेष्टन कुणीही चढवतं म्हणा. १८६५० वर ९९०० एमएएच क्षमता लिहिलेली दिसली तर हात जोडून परत यायचं. या आकारात ३५०० च्या आसपासच मजल जाते.)

सकाळी फुल चार्जवर तोच चढ चढून बघितलाय का?

पाव_दोन_नग
आमचा पोदेर (पाववाला) अजून साध्या सायकलवर येतो, मागे भलीमोठी पाटी. त्याला असली मोटर बसवून दिली तर किती खर्च येईल? पाटीचं वजन धरून सांगा.

फेरीतला_सायकलवाला
सकाळी मला उतारच असतो, घर वर पर्वरीला. दिवसभर कामासाठी पणजी, ताळगाव, दोनापावल. पण हो, एका रविवारी फुल चार्जवर खाली जाऊन लगेच वर आलो होतो, तेव्हा गुपचूप चढली. याचा काय संबंध?

ओहमचा_नियम
सगळा संबंध तिथेच आहे. बीएमएस करंटमुळे तोडत असता तर रविवारीही तोडला असता. हा तोडतोय कमी व्होल्टेजमुळे, आणि अख्ख्या पॅकच्या नव्हे, एखाद्याच गटाच्या. डिस्प्लेला फक्त बेरीज कळते. बारा गट धडधाकट आणि एक गट झोपलेला असला तरी बेरीज ४६ च दिसणार.

मल्टिमीटर घ्या. बीएमएसला जाणाऱ्या बारीक बॅलन्स वायर्सच्या कनेक्टरवर लागून असलेल्या दोन-दोन पिनांवर व्होल्ट मोजा. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, ठिणगी उडेल. एकदा फुल चार्जला मोजा, एकदा संध्याकाळी बंद पडल्यावर.

अण्णा_डिचोली
एवढी डॉक्टरकी कशाला? ३२७०० आकाराचे ६ एएच (अँपिअर-तास) क्षमतेचे एलएफपी सेल, सोळा बाय दोन, झालं काम.

ओहमचा_नियम
अण्णा, तो १२ एएचचा पॅक साडेचार किलोच्या आसपास जातो आणि रेंज आताच्यापेक्षा कमी होते. शिवाय सोळा एलएफपी फुल चार्जला ५८.४ व्होल्ट. यांचा ५४.६ चा चार्जर चालणार नाही, नवा घ्यावा लागेल. कंट्रोलरमधले कपॅसिटर ६३ व्होल्टचे आहेत का तेही बघायला हवं. एलएफपी वाईट नाही, जागा असेल तिथे मीही तेच सांगतो. सायकलच्या फ्रेममध्ये जागा कुठे आहे?

अण्णा_डिचोली
मागे कॅरिअर असतं. आणि घरात चार्ज करताना झोप लागते ती कशात मोजणार?

ओहमचा_नियम
हा मुद्दा मान्य. फक्त कुठलाही पॅक जिन्यात किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नये, एलएफपी असला तरी.

काका_काणकोण
लेड ॲसिड वापरा. आमच्या वेळी हेच होतं. १२ व्होल्टच्या चार, २० एएच. म्हापशाच्या बाजारात सहज मिळतात.

सुके_बांगडे
काका, ती चार मिळून पंचवीस किलो. पर्वरीच्या चढावर मोटर बॅटरीच ओढत बसेल, माणूस मागून चालत येईल.

पुण्याचा_ईव्हीवाला
लिथियम सेलची काळजी: शून्य अंशाखाली तापमान असताना कधीही चार्ज करू नका, सेलमध्ये लिथियमचा थर बसतो.

सुके_बांगडे
धन्यवाद दादा. पर्वरीत बर्फ पडला की पॅक स्वयंपाकघरात घेऊ.

परदेशी_पाहुणा
माझा भाऊ पुढच्या महिन्यात मोपा विमानतळावर उतरतोय. त्याच्यासोबत तयार पॅकच मागवा ना, तिकडे दर्जा चांगला.

ओहमचा_नियम
विमानात सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, १०० वॅट-तासांपर्यंत. त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, आणि त्याच्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. हा पॅक ६०० च्या वर जातो. भावाला काजू न्यायला सांगा.

फेरीतला_सायकलवाला
मोजलं. फुल चार्जला सगळे गट ४.१५ ते ४.१८. काल बंद पडल्यावर तिथेच फुटपाथवर बसून मोजलं: बाकी सगळे ३.८० च्या जवळपास, नववा ३.४१. लोक थांबून बघत होते. आता बॅलन्सिंग केलं, म्हणजे सगळे गट सारखे चार्ज केले, की झालं ना?

ओहमचा_नियम
नाही. नुसता बॅलन्सचा दोष असता तर फुल चार्जलाही नववा मागे दिसला असता. तुमचा वर सगळ्यांच्या बरोबर पोचतो आणि खाली सगळ्यांच्या आधी उतरतो. म्हणजे त्या गटाची क्षमताच घटली आहे. एकतर सेल मेलेत, नाहीतर चारातले एक-दोन जोडणीतून सुटलेत. दोनच उरले असतील तर प्रत्येकावर साडेबारा अँपिअर येतात. जोर लागला की ते दबतात, बीएमएस तोडतो. थांबलात की व्होल्टेज वर येतं म्हणून परत चालू. ७२ व्होल्ट करून यात काही फरक पडणार नाही, वर कंट्रोलर मात्र जळेल.

पॅक उघडा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

फेरीतला_सायकलवाला
उघडला. नवव्या गटाची निगेटिव्ह बाजूची पट्टी तांबूस-तपकिरी, खाली पिवळट पूड. नखाने उचलली तर दोन सेलांवरून अलगद सुटली. वेल्डचे ठिपके पट्टीला नाहीत, सेललाच चिकटलेले. केसच्या वायरच्या भोकातून पाणी शिरलं असणार. फेरीत मी कायम पुढे रॅम्पजवळ उभा असतो, लाट आली की खारं पाणी अंगावर.

सुके_बांगडे
निकेलला असा तांबूस गंज चढत नाही. ती निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी आहे. नवी पट्टी घेताना एक तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी पाणी तांबडं झालं तर दुकानदाराला परत. गोव्यात ही परीक्षा केल्याशिवाय पट्टी घ्यायचीच नाही, आमच्याकडे दाराच्या कड्या दोन पावसाळ्यांत खातात.

खटपट_करणारा
सोल्डरिंग गन असेल तर त्याच पट्टीवर डाग मारून टाका. मी सगळे पॅक असेच करतो.

ओहमचा_नियम
करू नका. सेलच्या टोकाला एवढी उष्णता दिली की आतलं सील आणि सेपरेटर (दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पडदा) बिघडतो. स्पॉट वेल्डिंगच हवं.

खटपट_करणारा
माझे अजून तरी चालतात.

अण्णा_डिचोली
तुमचा पत्ता नको, फक्त तुमच्या शेजाऱ्यांची काळजी वाटते.

फेरीतला_सायकलवाला
भांडू नका. मग नवीन सेल घेऊ की नको?

ओहमचा_नियम
सुटलेले दोन सेल वेगळे मोजा. ते बाकीच्यांपेक्षा जास्त चार्ज राहिलेले असू शकतात, तसेच परत जोडलेत तर गटात जोरात करंट धावेल. आधी व्होल्टेज सारखं करा. उरलेल्या दोघांनी मात्र दुप्पट ओझं वाहिलंय, त्यामुळे चारही सेलांची क्षमता तपासून घ्या. ती घटली असेल आणि बाकी पट्ट्याही गंजल्या असतील तर सगळा पॅक नवा करा. एका गटात जुने-नवे मिसळायचे नाहीत.

नवाच करायचा ठरला तर आधी केस मोजा. २१७०० सेल व्यासाला ३ आणि उंचीला ५ मिलिमीटर मोठा, १८६५० च्या होल्डरमध्ये बसत नाही. केस बदलणार असाल तर सॅमसंग ५०ई, तेरा बाय चार: २० एएच, सेलमागे ९.८ अँपिअरची मुभा, तुम्हाला सव्वासहा पुरे. मोलिसेल पी४२ए ४५ अँपिअर देतो म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, पण त्यात तुम्हाला १६.८ एएचच मिळतील आणि ते ४५ अँपिअर तुमचा कंट्रोलर कधी मागणारच नाही.

आणि वायरचं भोक बुजवताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते धातू खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

फेरीतला_सायकलवाला
केस तीच ठेवतोय, नवी बसवायला फ्रेममध्ये जागा नाही. सोमवारची ऑर्डर थांबवली. आधी चार सेल तपासतो. पर्वरी-म्हापसा भागात कुणाकडे स्पॉट वेल्डर आहे का?

पाव_दोन_नग
पोदेराच्या खर्चाचं कुणीच सांगितलं नाही.

सुके_बांगडे
@फेरीतला_सायकलवाला गिरीला एकाकडे आहे, व्यनि (खाजगी निरोप) करतो. पट्टी मात्र तुमचीच न्या, मिठाच्या पाण्यात ठेवलेली.