अनुभव धागा: "तुमच्यामुळे गेम बिघडला!" कॅज्युअल (सवडीने खेळणारे) की हार्डकोअर (झपाटून खेळणारे), तुम्ही कुठल्या बाजूचे?

काल भाचा हेडफोन काढून तणतणत होता. "मामी, हे कॅज्युअल लोक रडून रडून सगळं सोपं करून घेतात." आणि मला एकदम वॉवमधलं (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, ऑनलाइन गेम) नॅक्सरामस आठवलं, शत्रूंनी भरलेला तरंगता किल्ला.

२००६ च्या जूनमध्ये आलं ते. आत जायला ४० जण लागायचे, तेही सगळे तयारीचे. प्लेगलँड्सच्या आभाळात ते तरंगताना दिसायचं आणि आम्ही खालून घोड्यावरून जायचो. गिल्डमध्ये (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) मी राखीव हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारी. आठवड्यातल्या चार रात्री देणं घर सांभाळून जमणारं नव्हतं. मग २००८ मध्ये तेच नॅक्सरामस १० आणि २५ जणांसाठी परत आणलं. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच सांगते. त्याच रात्री आमच्या गिल्डमधल्या एका जुन्या रेडरने (अशा मोठ्या मोहिमा, म्हणजे रेड, करणाऱ्याने) लिहिलं, "आमच्या जागवलेल्या रात्रींची किंमत शून्य." त्याचंही दुःख खरं होतं, म्हणून मला काही उत्तर देववेना.

माझ्या मते हे भांडण मुळात वेळेवरून आहे. ज्याच्याकडे आठवड्याचे तीस तास आहेत आणि ज्याच्याकडे तीन, दोघांनाही आपले तास वाया जायला नको असतात. तुमचे अनुभव लिहा. कुठलाही गेम चालेल.

टँकदादा
मी तुमच्या त्या जुन्या रेडरच्या बाजूचा. २५ जणांची रेड चालवायची म्हणजे काय ते चालवणाऱ्यालाच कळतं. कोण येणार, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचं नेट गेलं. एक जण उशिरा आला की २४ जण ताटकळणार. आइसक्राउन रेडचा शेवटचा बॉस (सगळ्यात मोठा शत्रू) लिच किंग आम्ही कितीदा वाईप होऊन (सगळेच्या सगळे मरून) पाडला, तेव्हा व्हॉइसवर नुसता आरडाओरडा, एक जण तर रडत होता. २०१० मध्ये त्या रेडमध्ये सगळ्यांना आपोआप वाढीव ताकद मिळायला लागली, ५ टक्क्यांपासून चढत ३० पर्यंत. नको असेल तर बंद करता यायची, पण कोण करणार बंद? किताब तोच, 'किंगस्लेयर'. ज्यांना मिळाला त्यांच्यावर राग नाही माझा. पण आधीच्यांसाठी काही वेगळी खूण ठेवायला हवी होती की नाही?

जुळ्यांची_आई
मोबाईलवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. ऑनलाइन गेमला पॉज नसतो हे बाळं झाल्यावर कळलं!! डंजनमध्ये (पाच जणांची छोटी मोहीम) असताना मधेच एक बाळ उठलं की दुसरं उठतं. एकदा बॉसच्या अगदी दारात "बाळ रडतंय" एवढंच लिहून पळाले. परत येईपर्यंत बराच वेळ गेला. वाटलं काढून टाकलं असणार. चौघंही अनोळखी, चौघंही तिथेच बसून होते, एकाने विचारलं झोपलं का. त्यातले दोघं रोज रेड करणारे होते, गिअरवरून (अंगावरच्या शस्त्र-चिलखतावरून) कळतं ना. तेव्हापासून हार्डकोअर म्हणजे उद्धट असं कोणी म्हटलं की मी भांडते

रात्रपाळी
जुळ्यांची_आई, __/\__
बाकी टँकदादांशी सहमत. सविस्तर नंतर लिहितो, बस आली.

जुनी_जादूगार
मला २०१० चा डिसेंबर आठवतो. वॉवचा कॅटॅक्लिझम हा नवा भाग आला आणि हिरोइक (वरच्या पातळीचे) डंजन एकदम अवघड झाले. त्याआधी वर्षभर डंजन फाइंडरमुळे बटण दाबलं की पाच अनोळखी लोक जमायचे आणि न बोलता धावत सुटायचे. आता कुठला शत्रू कोणी बांधून ठेवायचा ते ठरवावं लागायचं, हीलरचा माना (जादूची शक्ती) संपायचा, लोक एकमेकांना नूब (नवशिके) म्हणत ग्रुप सोडून जायचे. तक्रारी इतक्या झाल्या की जानेवारीत डिझायनर ग्रेग स्ट्रीट यांनी लांबलचक लेख लिहून बाजू मांडली. मला मात्र तो काळ फार आवडला. लोक बोलायचे तरी! पुढे २०११ च्या नोव्हेंबरमध्ये रेड फाइंडर आलं आणि कोणालाही रेडचा शेवट बघता यायला लागला. ते हवंच होतं. पण तिथे २५ जण असून "नमस्कार"ला उत्तर नाही. सोपं होण्यापेक्षा हे मुकेपण मला जास्त खुपतं.

हीलरबाई
मुकेपण!! अगदी अगदी.
कोणाला मनगटाचा त्रास आहे का हो? उजवा हात रात्री मुंग्या येऊन बधिर होतो. माऊस बदलू का?

टँकदादा
हीलरबाई, माऊस नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री मुंग्या येणं अंगावर काढू नका. खेळ कुठे पळून जात नाही.

निळा_कोल्हा
वॉवच वॉव चाललंय, म्हणून फायनल फँटसी १४ या दुसऱ्या ऑनलाइन गेमबद्दल लिहितो. २०१५ च्या अलेक्झांडरपासून तिथे आठ जणांच्या रेडचे दोन अवतार असतात. नॉर्मलमध्ये गोष्ट सगळ्यांना कळते, सॅव्हेजमध्ये तोच बॉस जीव काढतो. शिवाय अल्टिमेट (त्याहूनही अवघड) वेगळं. माझी बायको नॉर्मल करते, मी सॅव्हेज, आणि रात्री दोघं एकाच बॉसबद्दल बोलतो. एकाने दुसऱ्याचं काही हिरावलं असं आमच्या घरात कधी झालं नाही. त्यांचे प्रमुख योशिदा तर म्हणतात की कंटाळा आला तर दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की परत या. हे ऐकून इतकं हलकं वाटलं होतं मला!

जुळ्यांची_आई
निळा_कोल्हा, बायकोलाही इथे लिहायला सांगा की

निळा_कोल्हा
सांगितलं. म्हणाली, "क्यूमध्ये आहे, मधे बोलू नकोस."

रात्रपाळी
हां, आता बसलो निवांत. फक्त हार्डकोअर लोकांसाठी बनवलं की काय होतं ते वाइल्डस्टार या गेमने दाखवलं. २०१४ मध्ये आला, ४० जणांच्या रेड, आणि आत शिरण्याआधी पात्रता सिद्ध करायची भलीमोठी साखळी. आम्ही त्यासाठीच गेलो होतो. गिल्डमध्ये उत्साह केवढा. पण साखळी पार करेपर्यंत अर्धे गळाले आणि ४० माणसं आणायची कुठून? २०१८ मध्ये गेम बंद. म्हणून टँकदादा, तुमचं खुणेचं पटतं, पण खालून नवीन लोक आले नाहीत तर वरची रेड चालणार कशी? आजचा कॅज्युअल हाच आपला पुढचा हीलर आहे.

टँकदादा
हे मान्य. आमच्या गिल्डचे निम्मे लोक असेच आले. पण त्यांना शिकवायलाही कोणीतरी तास द्यावे लागतात, ते आम्ही दिले. तेवढं तरी मोजा.

जुनी_जादूगार
मोजलं, टँकदादा. मला इंटरप्ट (शत्रूचा मंत्र मधेच तोडणं) कधी मारायचा ते असंच एका अनोळखी टँकने (शत्रूचे वार अंगावर घेणाऱ्याने) शिकवलं होतं, न ओरडता.

ये_जा_करणारा
मी सहा सहा महिने गायब असतो. गिल्ड वॉर्स २ मध्ये २०१२ पासून लेव्हलची मर्यादा ८० च आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असेंडेड (आधीपेक्षा वरच्या दर्जाचं) गिअर आणलं तेव्हा प्रचंड ओरडा झाला, आता ही शिडी कधी संपणार नाही म्हणून. पण त्याच्यावर पुढची पायरी आलीच नाही. जुनं चिलखत घालून मी आजही थेट रेडला जाऊ शकतो. माझ्यासारख्याला यापेक्षा मोठा मान नाही.

हीलरबाई
डॉक्टरांची वेळ घेतली, टँकदादा. तोपर्यंत डाव्या हाताने माऊस धरून बघते. कोणी केलंय का असं? बटणं उलटी करावी लागतात का?