मदत हवी आहे: ड्राफ्टच्या वेळच्या शरीराच्या मापांवरून एनबीएमधलं यश किती ओळखता येतं?

नमस्कार मंडळी,

संख्याशास्त्राच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, हा विषय घेतला आहे. बास्केटबॉल आणि आकडे दोन्हींची आवड असलेले लोक इथे आहेत, म्हणून विचारते.

दर मे महिन्यात शिकागोला ड्राफ्ट कम्बाइन, म्हणजे निवडीआधीचं चाचणी शिबिर, होतं. तिथे मुलांची अनवाणी उंची, वजन, विंगस्पॅन (दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर), हात वर केल्यावर बोटं कुठवर पोचतात ते, पंजाची लांबी-रुंदी असं सगळं मोजतात. शिवाय उडी आणि धावण्याच्या चाचण्या. यातलं नेमकं काय पुढे उपयोगी पडतं, हा माझा प्रश्न.

माझा स्वतःचा कल विंगस्पॅनकडे आहे. सर्वसाधारण माणसाचा विंगस्पॅन उंचीच्या जवळपास असतो, एनबीएमध्ये हे गुणोत्तर सरासरी १.०६ च्या आसपास जातं. कवाय लेनर्डची अनवाणी उंची ६ फूट ६ इंच, विंगस्पॅन ७ फूट ३ इंच आणि पसरलेला पंजा सव्वाअकरा इंच रुंद. २०११ मध्ये तो १५ वा निवडला गेला आणि पुढे दोनदा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचा बचाव पाहिलात तर समजेल: समोरच्याने पास द्यायला हात उचलला की याची बोटं आधीच त्या वाटेत असतात. ड्रेमंड ग्रीनचंही तसंच. उंची ६ फूट ५ इंचांच्या थोडी वर, विंगस्पॅन ७ फूट १ इंच. म्हणूनच तो स्वतःपेक्षा कितीतरी उंच सेंटरना (बास्केटजवळ खेळणारे, सहसा संघातले सर्वांत उंच) अडवू शकतो. तो ३५ वा निवडला गेला होता!

पण मो बाम्बाचा विंगस्पॅन ७ फूट १० इंच, २०१८ मध्ये सहावा निवडला गेला, तरी एकदाही ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड) झाला नाही. केविन ड्युरँटला २००७ मध्ये १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता, आणि २०१४ मध्ये तो एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी, पहिला निवडलेला ग्रेग ओडेन गुडघ्यांमुळे जेमतेम १०५ सामने खेळला. गुडघा किती टिकेल, हे कुठल्या मापात दिसणार?

आता खरी अडचण. माझ्या डेटात फक्त ड्राफ्ट झालेले खेळाडू आहेत आणि त्यांच्यात उंचीचा गुणांक जवळजवळ शून्य येतोय. याचा अर्थ उंचीला महत्त्व नाही असा अजिबात नाही. बुटका मुलगा तिथवर पोचतो तोच अफाट कौशल्याच्या जोरावर. आयझेया थॉमस ५ फूट ९ इंच, २०११ मध्ये शेवटचा, ६० वा निवडलेला. २०१६-१७ मध्ये त्याची सरासरी २८.९ गुणांची होती. म्हणजे निवडीच्या चाळणीनेच उंची आणि कौशल्य यांच्यात उलटा संबंध तयार होतो, आणि कौशल्य माझ्या मॉडेलमध्ये नीट मोजलेलं नाही.

यावर हेकमनचं सिलेक्शन मॉडेल (निवडीच्या चाळणीमुळे येणारी चूक दुरुस्त करणारी पद्धत) वापरावं असं वाटतं. पण त्यासाठी निवडीवर परिणाम करणारं आणि पुढच्या यशावर न करणारं एखादं चल लागतं, आणि ते मला सापडत नाहीये. कम्बाइनला येऊनही न निवडलेले खेळाडू घेतले तरी निमंत्रण हीसुद्धा एक चाळणीच. त्याआधीचं बघायला कॉलेज संघांच्या याद्या आहेत, पण त्यांतल्या उंच्या बऱ्याचदा बूट धरून किंवा फुगवून लिहिलेल्या असतात. शिवाय पूर्वी वरच्या क्रमांकाची मुलं बऱ्याच चाचण्या टाळायची, त्यामुळे गाळलेल्या नोंदीही यादृच्छिक नाहीत.

ड्राफ्टच्या वेळचं वय मी धरलं आहे. १९ व्या वर्षीची आणि २३ व्या वर्षीची उडी एकाच मापाने तोलणं मला पटत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं: गार्ड, फॉरवर्ड, सेंटर या खेळण्याच्या जागांची मॉडेल्स वेगळी करावीत की एकाच श्रेणीबद्ध मॉडेलमध्ये बसवावीत? सेंटरची संख्या फार कमी पडते. आणि यश कशात मोजावं? पहिल्या चार हंगामांतली मिनिटं धरली तर ओडेनसारखे जखमी खेळाडू अपयशी ठरतात, प्रतिमिनिट कामगिरी धरली तर बहुतेक वेळ बाकावर बसून जेमतेम दहा मिनिटं खेळलेलेही चमकतात. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या डेटावर कुणी असं काम केलं असेल तर तेही चालेल. मी आर (R, संख्याशास्त्राची संगणकभाषा) वापरते, कोडसकट उत्तर मिळालं तर फारच उत्तम.