मदत हवी आहे: सायबर कॅफेतल्या पीसीवरून घरच्या सर्व्हरवर लॉगिन, पासवर्ड चोरीला न जाता

पत्रिकावाला_महाल:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. घरी नागपुरात मानेवाड्याला जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून सर्व्हर चालू आहे. घरातल्या घरात एसएसएच (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करायची सोय) मस्त चालते, बाहेरून काही केल्या लागत नाही. राउटरमधे एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड करून पाह्यला, मग दुसरा नंबर देऊन पाह्यला, काहीच नाही. दिवाळी झाली की मी निघून राहिलो, चार-पाच महिने बाहेर. सोबत लॅपटॉप नाही, जिथे जे मिळेल तिथल्या कॅफेतून नाहीतर कियोस्कवरून लॉगिन करावं लागेल. तर एक म्हणजे बाहेरून लागलं पाहिजे अन् दुसरं म्हणजे त्या पीसीत कीलॉगर-बिगर (टाइप केलेलं चोरणारा प्रोग्राम) असला तरी पासवर्ड कोणाच्या हाती नाही लागला पाहिजे. कृपया 'लॅपटॉप घेऊन जा' सांगू नका. गूगल करून झालं आहे.

टर्मिनलवाला:
राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो? आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधल्यावर काय दिसतो? दोन्ही सारखे आहेत का? सर्व्हरवरून हवंय काय नेमकं, फाइली की शेल (कमांड टाइप करायची खिडकी)? सोबत फोन कुठला? हे काहीच न सांगता नुसतं 'लागत नाही' म्हटलं तर आम्ही इथून काय पाहणार.

ठेचा_भाकर:
भाऊ एवढं डोकं काहून खपवता. टेलस्केल टाका, आपले पीसी एका खाजगी नेटवर्कात जोडते ते. सर्व्हरवर टाका अन् तिकडच्या पीसीवर टाका, झालं. पोर्ट नाही, फॉरवर्ड नाही, काही नाही. माझ्या घरी काटोल रोडला तेच आहे, पुण्यात बसून घरचे सिनेमे पाहतो मी.

मिहानचा_इंजिनियर:
'तिकडच्या पीसीवर टाका' म्हणजे कॅफेतल्या? तिथला ॲडमिन पासवर्ड तुम्हाला कोण देणार? आणि समजा दिला, तर परक्या माणसाचा पीसी तुम्ही स्वतःच्या हाताने घरच्या नेटवर्कमध्ये आणून बसवला.

ठेचा_भाकर:
काम झालं की काढून टाकायचं ना मग.

मिहानचा_इंजिनियर:
काढायच्या आधी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पत्रिकावाला, तुम्ही एक यूएसबीची सिक्युरिटी की घ्या, यूबीकी वगैरे. एसएसएचचा नेहमीचा प्रोग्राम ओपनएसएसएच, त्यात ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून सपोर्ट आहे. खाजगी की त्या यंत्राच्या बाहेर येतच नाही, कीलॉगर बसू दे ना बोंबलत. मी ऑफिसला तीच वापरतो.

पत्रिकावाला_महाल:
अरे बाप्पा, भांडू नका. वॅन आयपी १००.७८ ने सुरू होते, ब्राउझरमधे १०३ वाला दिसते. नेट आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर आहे. त्याला विचारलं तर म्हणे 'आमच्याकडून सगळं ओपन आहे', अन् फोन ठेवून देते. सर्व्हरवरून फाइली पाहिजे, कधीकधी शेल. फोन साधा बटनवाला. यूएसबीची की चांगली आहे पण कॅफेवाला पेनड्राइव्हच लावू देत नाही अर्ध्या ठिकाणी.

टर्मिनलवाला:
मिळालं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते पब्लिक नसतात. २०१२ मध्ये ही रेंज खास इंटरनेटवाल्यांसाठी राखून ठेवली, सीजीनॅटसाठी. म्हणजे तुमच्यासारखी बरीच घरं मिळून तो एक १०३ वाला आयपी वापरताहेत. फ्लॅट नंबर न टाकता नुसतं बिल्डिंगचं नाव लिहून पत्र पाठवलं तर वॉचमन कोणाला देणार? तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, अडतंय त्याच्या आधी, केबलवाल्याच्या यंत्रात. एक तर त्याच्याकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर घरच्या सर्व्हरनेच बाहेर हात करून बोगदा काढून ठेवायचा.

ठेचा_भाकर:
पण टेलस्केलचा आयपी पण १०० नेच सुरू होते. पाहा ना, यांनी आधीच टाकलं असेल.

टर्मिनलवाला:
ते राउटरचा आकडा सांगताहेत, दादा. टेलस्केल त्याच रेंजमधले पत्ते वापरतं म्हणून दिसायला सारखे दिसतात. आणि टेलस्केल सीजीनॅटमधून चालतं हे मान्यच आहे, वाद त्याचा नाही. या टोकाला जो पीसी आहे तो आपला नाही, अडचण ती आहे.

संत्रा_बर्फी:
मला एक कळत नाहीये. चार-पाच महिने, लॅपटॉप नाही, साधा फोन, कियोस्क. दादा तुम्ही चाललात कुठे?

पत्रिकावाला_महाल:
नर्मदा परिक्रमा, पायी. ओंकारेश्वरहून उचलणार. स्मार्टफोन मुद्दाम घरी ठेवून जाऊन राहिलो, तो सोबत असला की परिक्रमा होत नाही, व्हॉट्सॲपच होते.

रेवाकाठचा:
नर्मदे हर!! वा, फार छान. मैय्या उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, बाकी ती पाहून घेते. सामान जितकं कमी तितकं बरं. बूट एक नंबर मोठे घ्या, चालून पाय सुजतात. शूलपाणीच्या झाडीत टॉवरची आशा ठेवू नका. मुखाशी समुद्रातून नावेने मिठी तलाईला उतरवतात तेव्हा जे आहे ते प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, अंगावर पाणी येतं. सर्व्हर कशाला हवा हो तिथे? आणि एक सांगून ठेवतो, काठावरच्या गावांत आता सायबर कॅफे असे राहिलेच नाहीत, एमपी ऑनलाइनचे (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारे) कियोस्क आहेत, आणि तो पोरगा तुम्हाला खुर्चीवर बसू देत नाही. तोच टाइप करतो. 'बाबाजी पासवर्ड बोलिये' म्हणतो, अन् मागे रांगेत समग्र आयडीवाले उभे.

मिहानचा_इंजिनियर:
😂 कीलॉगरची गरजच नाही मग.

टर्मिनलवाला:
हसू नका, काकांनी इथली सगळ्यात कामाची माहिती दिली. पासवर्ड मोठ्याने सांगावा लागणार असं धरूनच बांधणी करू.

अनोळखी पीसीवर एकच गोष्ट नक्की असते, तुम्ही जे टाइप करता, जे स्क्रीनवर येतं, जी फाइल उतरवता ते सगळं त्या पीसीला दिसतं. ते थांबवायचा कुठलाच उपाय नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, आज दिसलेलं उद्या चालू नये आणि आज दिसलं तरी त्यातून फार काही हाती लागू नये.

पहिल्यासाठी एकदाच चालणारे कोड. ॲपमधले दर ३० सेकंदांनी बदलणारे कोड तुम्हाला स्मार्टफोनशिवाय जमणार नाहीत, पण त्याचा एक जुना भाऊ आहे, एचओटीपी, २००५ चं स्टँडर्ड आहे. तो घड्याळावर चालत नाही, मोजणीवर चालतो, त्यामुळे आधीच छापून ठेवता येतो. सर्व्हरवर गूगल ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल (लॉगिनच्या वेळी कोड तपासणारा भाग) टाका आणि त्यात मोजणीवाला पर्याय निवडा. मग ओथटूल नावाचा छोटा प्रोग्राम आहे, त्याला तीच गुप्त की दिली की पुढच्या पन्नास कोडांची यादी काढून देतो. ती कागदावर घ्या, लॅमिनेट करा, क्रमाने वापरा आणि वापरलेला खोडत जा, मधले गाळून फार पुढे गेलात तर सर्व्हर नकार देईल. लॉगिनला पासवर्ड आणि कोड दोन्ही लागायला हवेत. पासवर्ड त्या पोराने ऐकला तरी चिठ्ठी तुमच्याकडे, चिठ्ठी हरवली तरी पासवर्ड तुमच्या डोक्यात. एकच कोड पुरेल असं ठेवलंत तर चिठ्ठी सापडणारा आत. त्याच चिठ्ठीच्या मागे सर्व्हरच्या होस्ट कीचा फिंगरप्रिंट (हा आपलाच सर्व्हर आहे याची खूण) लिहा. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर जो दिसतो तो जुळवून पाहायचा, डोळे झाकून 'येस' करायचं नाही.

दुसऱ्यासाठी वेगळा युजर. त्याला सुडो (ॲडमिनचे अधिकार) नाही, शेल नाही, फक्त एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली आणणं-नेणं), क्रूट करून एकाच फोल्डरमध्ये डांबलेला, तेही फक्त वाचायला. शेल कधीकधी लागतं म्हणालात, ते विसरा. तुमचं नेहमीचं लॉगिन फक्त कीने, पासवर्ड बंद. फेलटूबॅन टाकाच, सारखे चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना ते अडवतं. पोर्ट उघडा झाला की तासाभरात जगभरचे बॉट दार वाजवायला लागतात.

मिहानचा_इंजिनियर:
एवढं करण्यापेक्षा क्लाउडफ्लेअर टनेल लावा ना. सीजीनॅटचा प्रश्न संपला, पोर्ट उघडायचा नाही, ब्राउझरमध्येच टर्मिनल उघडतं, पुट्टी (विंडोजवरचा एसएसएच प्रोग्राम) शोधत फिरायला नको. ईमेलवर पिन येतो, तो टाकला की आत.

टर्मिनलवाला:
टनेल चांगलाच आहे. पण तो पिन बघायला ईमेल कुठे उघडणार? त्याच कियोस्कवर! ईमेल गेला की बँकेपासून सगळ्याचे पासवर्ड रीसेट होतात, सर्व्हरपेक्षा ते महाग. लॉगिनची पद्धत बदलून लावलं तर माझी हरकत नाही.

मिहानचा_इंजिनियर:
हं, हा मुद्दा बरोबर आहे. तरी कियोस्कवर पुट्टी चालवू देतील याची गॅरंटी काय?

टर्मिनलवाला:
गॅरंटी नाही. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून एसएसएच आधीच बसवलेलं येतं आणि त्याच्यासोबत एसएफटीपीही, कमांड प्रॉम्प्ट उघडला की झालं. विंडोज ७ दिसलं की उठून पुढच्या गावी जा. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, क्रोमही आता त्यावर नवीन येत नाही.

बॅटरीबाबा:
सर्वरला यूपीएस आहे का??? आमच्या इकडे दुपारी दोनदा लाइट जाते. अन् बायोसमधे जाऊन पाहा, पावर गेल्यावर परत आली तर काय करायचं ते सेटिंग असते, बहुतेक पीसीत ते 'बंदच राहा' वर असते. ते 'चालू हो' करा नाहीतर तुम्ही तिकडे ओटीपी टाकत बसाल अन् इकडे पीसी झोपलेला. यूपीएसची बॅटरी मागवताना माझा अनुभव असा की

बॅटरीबाबा:
अर्धवट पोस्ट झालं. अनुभव असा की ट्यूबलर घेऊ नका छोट्याला, एसएमएफ (पाणी टाकावं न लागणारी) घ्या. अन् एप्रिलच्या आत परत या, मे मधे ४५ च्या वर गेलं की बंद खोलीत तो पीसी भाजून निघेल, कूलर कोण लावणार त्याच्यासाठी.

ठेचा_भाकर:
बॅटरीचा धागा वेगळा काढा ना काका.

बॅटरीबाबा:
सेटिंग तर सांगितली ना कामाची.

संत्रा_बर्फी:
पत्रिकावाला दादा, ते अजूनही उत्तर आलं नाही. फाइली कसल्या आणि कोणासाठी? परिक्रमेत तुम्ही स्वतः त्या उघडून करणार काय?

पत्रिकावाला_महाल:
लग्नपत्रिका. महालात आपलं छोटं दुकान आहे, पत्रिका, निमंत्रणं, गृहप्रवेश. डिझाइन मी घरी रात्री करतो त्यामुळे जुन्या सगळ्या फाइली घरच्या सर्व्हरवर. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, गिऱ्हाईक येते अन् म्हणते 'मोठ्या पोरीच्या वेळी केली होती तशीच द्या, फक्त नावं बदला'. दुकानात भाचा बसते, तो मला फोन करेल, मी ती फाइल त्याला पाठवीन.

संत्रा_बर्फी:
म्हणजे फाइल मानेवाड्याहून महालात जायची आहे आणि त्यासाठी तुम्ही नर्मदाकाठच्या कियोस्कवर रांगेत उभे राहणार?? भाच्यालाच द्या की ते फोल्डर.

पत्रिकावाला_महाल:
त्याला सर्व्हर नाही देऊ शकत. पोरगा चांगला आहे पण जुनी फाइल उघडते, त्यातच नावं बदलते अन् सेव्ह मारते. मागच्या सीझनला एका गिऱ्हाईकाच्या पत्रिकेत दुसऱ्याचेच आजी-आजोबा राहून गेले होते, प्रिंट व्हायच्या आधी मी पाह्यलं म्हणून वाचलो. शिवाय सर्व्हरवर घरचे फोटो, हिशेब सगळंच आहे.

संत्रा_बर्फी:
सिंकथिंग. दोन पीसींवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवतं. आमच्या क्लिनिकमध्ये दोन शाखांत तेच आहे. घरच्या बाजूला फक्त पत्रिकांचं फोल्डर 'फक्त पाठव' वर ठेवा. त्याने दुकानात काहीही बिघडवलं तरी घरची मूळ फाइल हलत नाही. सीजीनॅटचीही कटकट नाही, थेट जोडणी जमली नाही तर ते रिलेवरून (मधल्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून) जातं, आणि रिलेवाल्याला आतलं वाचता येत नाही. हिशेब-फोटोंना हातच लागत नाही.

ठेचा_भाकर:
हेच मी म्हणत होतो, पोर्ट उघडायचंच नाही.

मिहानचा_इंजिनियर:
तुम्ही हे म्हणत नव्हतात.

रेवाकाठचा:
ताईंनी बरोबर सांगितलं. आणि भाच्याला आतापासूनच नावं तपासायची सवय लावा. नर्मदे हर.

पत्रिकावाला_महाल:
हे मस्त आहे. पण तरी मला एक दार पाहिजेच. पाठवणं बंद पडलं, पीसी अडकला, तर भाच्याच्या भरवशावर नाही राहू शकत.

टर्मिनलवाला:
मग दोन्ही करा. सिंकथिंग रोजचं, आणि माझं वरचं कागदी कोडवालं अडीनडीला. त्यासाठी मुंबईतला छोटा व्हीपीएस, म्हणजे पब्लिक आयपीवाला इंटरनेटवरचा सर्व्हर, महिन्याच्या भाड्यावर घ्या, घरचा सर्व्हर त्याच्याकडे उलटा एसएसएच बोगदा काढून ठेवेल, तुटला तर ऑटोएसएसएच परत जोडेल. व्हीपीएसवर तो ४४३ वर ऐकू द्या, कारण बऱ्याच ठिकाणी बाहेर जाणारा २२ बंद असतो. पीसी अडकला तर रीस्टार्टसाठी या मर्यादित युजरला काही देऊ नका, भाच्याला बटन दाबायला सांगा. निघायच्या आधी बर्डीवर एखाद्या कॅफेत जाऊन करून पाहा. ओळखपत्र न्या, २०११ च्या नियमांपासून त्यांना नोंद ठेवावीच लागते.

पत्रिकावाला_महाल:
करून पाह्यलं. बर्डीवरच्या कॅफेत २२ खरंच बंद होता, ४४३ वर लागलं. कोड एकदा टाकला, तोच परत टाकून पाह्यला, दुसऱ्यांदा नाही घेतला. फिंगरप्रिंट जुळला. सिंकथिंग दुकानात चालू झालं, भाचा म्हणते 'मामा आता सगळ्याच पत्रिका दिसून राहिल्या, तुम्ही या निवांत'. बायोसचं सेटिंग खरंच बंदवर होतं, बॅटरीबाबा धन्यवाद. सगळ्यांचेच धन्यवाद.

बॅटरीबाबा:
👍 एसएमएफच घ्या.

अजनी_एक्स्प्रेस:
मला पण सेम प्रॉब्लेम आहे पण माझा विंडोज सर्व्हर आहे आणि वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होतो, अर्जंट आहे, कोणी सांगेल का

टर्मिनलवाला:
तुमचा प्रॉब्लेम सेम नाहीये. तुमच्या राउटरच्या पुढे घरातच आणखी एक राउटर आहे, बहुतेक फायबरवाल्याने लावलेला डबा. नवीन धागा काढा, आणि त्यात नेट कोणतं, कुठे काय जोडलंय आणि नेमकं हवंय काय ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.