अस्सलपणा रूमध्ये आहे
'ब्लॅकन्ड' मासा (मसाला लावून तापल्या तव्यावर काळसर भाजलेला) म्हणजेच अस्सल केजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा स्वयंपाक, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटलं नाही. तो प्रकार पॉल प्रुडॉम यांनी १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या रेस्टॉरंटातून गाजवला. माणूस पक्का केजन, लुईझियानातल्या ओपलूससचा. पण केजनांच्या घरोघरी शिजायचा तो गम्बो, म्हणजे मांस किंवा मासळीचा दाटसर रस्सा.

त्याचा जीव रूमध्ये, म्हणजे तेलात परतलेल्या मैद्यात. तेल आणि मैदा साधारण सारखाच घ्यायचा, मंद आचेवर पाऊण तास हात न थांबवता ढवळायचं. आधी बदामी, मग तांबूस, शेवटी चॉकलेटी रंग. लगेच कांदा, सेलरी, ढोबळी मिरची घालायची. करपल्याचे काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात! व्हिडिओवाले नेमकं हेच ढवळणं कापतात आणि तिखट मसाल्याची पुडी ओततात, याचा मला खरंच राग येतो.