आनंदवल्लीचा फलक: शीव, नदी आणि राघोबादादांचा काळ

फलक_समिती

नमस्कार मंडळी. नाशिकच्या आनंदवल्लीतल्या एका वाचनालयाच्या भिंतीवर सहा बाय चार फुटांचा फलक लावायचा आहे. विषय: गावाचा भूगोल आणि इतिहास. कच्चा मजकूर असा आहे:

"आनंदवल्ली हे पेशव्यांनी वसवलेले गाव. दुसऱ्या बाजीरावांचा जन्म येथे झाला. नारायणरावांच्या खुनाचा कट येथील वाड्यात शिजला. गाव गंगापूर धरणाखाली असल्यामुळे येथे पूर येतो."

सोबत मोबाइलवरचा नकाशा छापायचा विचार आहे. छापायला देण्याआधी तीन गोष्टी हव्यात. यातलं काय टिकतं, गावाची शीव कशी दाखवायची, आणि पुराबद्दल नेमकं काय लिहायचं?

मोडी_वाचक

चारपैकी तीन वाक्यं काढावी लागतील आणि चौथं दुरुस्त करावं लागेल. पुराचं नदीवाले सांगतील, मी इतिहासापुरतं लिहितो.

"वसवलेले" नको. गाव आधीपासून होतं. नाशिकच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याचं जुनं नाव चावंडस असं येतं. १७६४ मध्ये राघोबादादा पुण्याहून इकडे येऊन राहिले, वाडा बांधला आणि गावाचं नाव बदललं. म्हणून "वसवले" ऐवजी "नाव दिले आणि वाडा बांधला" असं लिहा. इंग्रजी कागदांत हेच नाव बहुतेक ठिकाणी "आनंदवेली" असं पडतं. शोधताना दोन्ही रूपं टाका, नाहीतर निम्मे उल्लेख हातून निसटतात. वेली काय, वल्ली काय, अर्थ एकच.

दुसरे बाजीराव १० जानेवारी १७७५ ला धारला जन्मले. आनंदवल्लीशी त्यांचा संबंध आहे, पण तो नंतरचा. राघोबादादा ११ डिसेंबर १७८३ ला कोपरगावी वारले. पुढे दहाएक वर्षं कुटुंब तिथेच नजरकैदेत होतं. आनंदीबाईंची प्रकृती ढासळल्यावर १७९३ मध्ये सगळ्यांना आनंदवल्लीला आणलं. १७९४ मध्ये आनंदीबाई गेल्या. त्यानंतर मुलांना जुन्नरच्या शिवनेरीवर हलवलं. म्हणजे भावी पेशवा इथे वाढत्या वयात, पहाऱ्यात राहिला. ही गोष्ट जन्मस्थानापेक्षा कितीतरी बोलकी आहे, फलकावर तीच घ्या.

कटाचं वाक्य तर पूर्ण काढा. ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला तो शनिवारवाड्यात, आणि तेव्हा राघोबादादा स्वतः तिथेच नजरकैदेत होते. गावाच्या माथी हे पाप उगाच कशाला मारायचं?

फलक_समिती

आभारी आहे. एका कागदाच्या छायाप्रतीवर "सन खमस सितैन मया व अलफ" असं आहे. कोणी म्हणतं १७६४, कोणी १७६५. आणि नवश्या गणपतीचं काय लिहायचं?

मोडी_वाचक

दोघंही बरोबर असू शकतात. हा सुहूर सन, पेशवाईच्या कागदांत येणारी, अरबी संख्याशब्दांत लिहिलेली कालगणना. उलगडा असा: खमस म्हणजे ५, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६५. यात ५९९ मिळवले की १७६४. पण हे वर्ष मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुमारास) सुरू होतं, जानेवारीपासून नाही. कागदावरचा महिना मृगानंतरचा, डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवा. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. महिना आणि चंद्र (म्हणजे तारीख) न पाहता सरसकट ६०० मिळवले की वर्ष चुकतं. सुहूरचा चंद्र मुसलमानी महिन्याचा असतो, तोही आधी मराठी तिथीशी जुळवून घ्या. शके दिला असेल तर ७८ मिळवा, तिथेही पौषाच्या आसपास ७९ होतात.

नवश्या गणपतीला राघोबादादा-आनंदीबाईंनी मुलासाठी नवस केला, ही परंपरा आहे. ती जरूर लिहा, फक्त वाक्य "परंपरा सांगते" असं सुरू करा. दगडावर कोरलेलं, कागदावर असलेलं आणि लोकांच्या तोंडी असलेलं, या तिन्हींची क्रियापदं वेगळी ठेवलीत तर फलकाला कोणी हात लावू शकणार नाही.

टिपण_साखळी

मोबाइलचा नकाशा छापू नका. त्यात "गंगापूर रोड" म्हणून जे दिसतं ते जाहिरातींनी पसरलेलं नाव आहे, महसुली गाव नव्हे. शीव गावनकाशावरूनच घ्यायची.

भूमी अभिलेख कार्यालयातून आनंदवल्लीचा गावनकाशा मागा. शेजारच्या सातपूर, गंगापूर आणि नदीपलीकडच्या चांदशीचाही घ्या, कारण शीव दोन्ही बाजूंच्या नकाशांत जुळली तरच खरी. जुने गावनकाशे बहुधा एका इंचाला २० साखळ्या या मापाचे असतात. साखळी ३३ फुटांची, म्हणजे एक इंच = ६६० फूट, प्रमाण १:७९२०. झेरॉक्समध्ये कागद ताणला जातो, दोन वेळा झेरॉक्स झाली की माप गेलंच. नकाशावरची मापपट्टी पट्टीनं मोजून बघा. मापपट्टी नसेल तर ज्या गटाच्या टिपणात (मोजणीच्या मूळ नोंदीत) बांधाची लांबी दिली आहे तो बांध नकाशावर मोजा.

मग स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर) उपग्रहचित्रावर बसवा, यूटीएम प्रक्षेपणाचा झोन ४३ उत्तर निवडून. जुळणीचे बिंदू किमान सहा ते आठ, आणि गावभर पसरलेले. सगळे गावठाणात घेतले तर मळ्यांकडची बाजू फिरते. तीन गावांची शीव जिथे मिळते तो दगड सगळ्यात भरवशाचा. रस्त्याचा कोपरा घेऊ नका, रुंदीकरणात तो सरकलेला असतो. नदीचा काठही नको.

शीव नदीच्या मधोमध आहे की काठानं, हे नकाशावरच्या रेषेवरून ठरवा, अंदाजानं नाही. गावठाणाच्या आतल्या घरांना सातबारा मिळणार नाही. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक बघावं लागतं. "सातबाऱ्यावर जुना वाडा सापडत नाही" अशी तक्रार यातूनच निघते.

भारतीय सर्वेक्षणाची (सर्व्हे ऑफ इंडियाची) नकाशा-पत्रकं घेणार असाल तर दोन मागवा. २० अंश उत्तर अक्षांश नाशिकवरूनच जातो, त्यामुळे शहर ४६ एच आणि ४७ ई या दोन गटांच्या पत्रकांत फाटलंय. आनंदवल्ली त्या रेषेच्या जरा उत्तरेला आहे.

गंगाकाठ

पुराचं वाक्य उलटं झालंय. धरण पूर आणत नाही; आधीचं पाणी ते पोटात घेतं. नाशिकला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, त्र्यंबककडे त्याच्या कितीतरी पट. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी तिथून येतं. गंगापूरचा साठा ५,६३० दशलक्ष घनफूट. तो भरला की वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. सप्टेंबर १९६९ आणि सप्टेंबर २००८ हे मोठे पूर सरत्या पावसाळ्यात आले, यात नवल नाही. आनंदवल्लीत कोरडं ऊन असतानाही नदी फुगू शकते, हे फलकावर मोठ्या अक्षरात हवं. काठावर कपडे धुणाऱ्या बायका आणि मासे धरणारी पोरं याच गोष्टीनं फसतात.

आकडे देताना जपा. बातम्यांत दोन असतात, धरणातून सोडलेला विसर्ग आणि होळकर पुलाजवळचा. पूल आनंदवल्लीच्या खाली आहे, वाटेतल्या नाल्यांचं पाणीही त्यात येतं. तुमच्या गावासाठी धरणाचा आकडा जवळचा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, असं लिहिलं की माणसाला कळतं. नाशिककर ज्याच्यावरून पुराची उंची सांगतात तो दुतोंड्या मारुती रामकुंडाजवळचा, त्याच्या कमरेवरून आनंदवल्लीचं पाणी मोजू नये.

नकाशावर निळी आणि लाल पूररेषा दाखवा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर. "१०० वर्षांतून एकदा" म्हणजे आज आला तर पुढची ९९ वर्षं निश्चिंत, असा अर्थ नाही; दरवर्षी शंभरात एक अशी शक्यता. आणि सोमेश्वरचा धबधबा विसरू नका. बसाल्टचा टणक थर नदीत आडवा आलाय, खालचा थर झिजला आणि पायरी उरली.

त्रिरश्मी

फलक १७६४ ला सुरू करू नका, ही विनंती. नदीनं थोडं वर गेलं की गोवर्धन. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांतलं गोवर्धन हेच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तुमच्या शेजारचं गाव सातवाहन काळात अंमलाचं ठाणं होतं. लेणे ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीचा १८ व्या राज्यवर्षातला हुकूम गोवर्धनच्या अमात्य (अधिकारी) विष्णुपालिताला उद्देशून आहे: २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या.

लेणे १० मधला उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) लेख तर हिशोबाची वहीच आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २,००० कार्षापण (त्या काळची नाणी), महिना शेकडा १ व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. २० गुणिले १२, बरोबर २४०. हा हिशोब चौकटीत छापा, शाळेतली मुलं तिथेच उभं राहून करून बघतील.

फलक_समिती

मजकूर पुन्हा लिहायला घेतला. शेवटचा प्रश्न, फलक कोणत्या भिंतीवर? दक्षिण आणि उत्तर, दोन्ही मोकळ्या आहेत.

टिपण_साखळी

उत्तरेच्या. आपण कर्कवृत्ताच्या आत आहोत, त्यामुळे दुपारचा सूर्य २१ मेच्या सुमारास डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि २४ जुलैच्या सुमारास परत फिरतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर भर दुपारचं ऊन याच दोन महिन्यांत, आणि त्यातला बराच काळ ढगांचा. दक्षिणेच्या भिंतीवर बाकीचे दहा महिने. फ्लेक्सची लाल शाई आधी उडते, आणि तुमची लाल पूररेषा त्याच शाईत असणार.