फोटो काढा, पण सगळंच रद्दीत नको

शाळेचं वर्ष संपलं की पोरांच्या जुन्या वह्या-चित्रांचं काय करायचं, यावर 'फोटो काढून सगळं रद्दीत द्या' असा एक सल्ला वाचला; मला तो अर्धाच पटला. गृहपाठाच्या वह्या बिनधास्त द्या. पाढे आणि शुद्धलेखन पुन्हा कोण उघडून बघतंय? निबंधाची वही मात्र आधी चाळा. आमच्या लेकीनं तिसरीत पोळ्यावर लिहिताना, बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायचा की ऑइलपेंट, यावरून आजोबा आणि काकांची झालेली खडाजंगी जशीच्या तशी उतरवलीय. खाली बाईंचा लाल शेरा: 'विषयाला धरून लिही.' असलं पान टाकवत नाही.

चित्रांचं म्हणाल तर आपल्या मराठवाड्यातलं ऊन लक्षात घ्या. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात तेलखडू पाघळतात, कागद एकमेकांना चिकटतात. मधे बटर पेपर घाला. स्केचपेनचा रंग उजेडानं उडतो, त्याचा फोटो आधी काढा. पुठ्ठ्याचं खोकं जमिनीवर नको, वाळवी लागते. 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचे तिरंगे दरवर्षी सारखेच (आमच्याकडं तरी!), त्यातला एक ठेवला तरी पुरे.

पोरांना विचारा, पण लगेच नको; तेव्हा त्यांना सगळंच हवं असतं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारलं की निम्मं तीच बाजूला काढतात.