लंडनचे कालवा संग्रहालय : उन्हाळ्यात जावे की नाताळात?

प्रश्न : लक्ष्मीनगर_नागपूर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आणि जावई लंडनला असतात. येत्या वर्षी आम्ही दोघे आणि माझ्या सासूबाई काही महिने त्यांच्याकडे राहायला जाणार आहोत. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी नागपूर सोडावे आणि तान्ह्या पोळ्याला घरी परतावे, असा आमचा विचार आहे. जावई मात्र नाताळात या म्हणतात, कारण त्यांना सलग सुट्टी तेव्हाच मिळते.

हा प्रश्न इथे विचारण्याचे कारण आमचा दहा वर्षांचा नातू आहे. त्याच्या शाळेत सध्या कालव्यांचा इतिहास शिकवत आहेत आणि किंग्ज क्रॉसजवळचे कालवा संग्रहालय आजी-आजोबांना आपणच दाखवायचे, तिथून निघणाऱ्या बोटीत बसवून बोगद्यातून न्यायचे, असे त्याने ठरवूनच टाकले आहे. त्याचा हा बेत मोडू नये, एवढीच माझी इच्छा आहे. ही बोट बाराही महिने चालते का? वर्षातील कोणत्या काळात तिथे काही विशेष कार्यक्रम असतात? कॅम्डेन ते लिटल व्हेनिस अशीही एक बोट असते असे ऐकले. ती आणि ही एकच, की वेगळी? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांना हे सारे झेपेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : महालकर_सध्या_लंडन

ताई, नमस्कार. मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता बरीच वर्षे उत्तर लंडनमध्ये राहतो आणि या कालव्याच्या काठाने माझे नेहमी जाणे-येणे असते. आपला मूळ विचारच योग्य आहे, उन्हाळ्यातच या. संग्रहालयाच्या धक्क्यावरून निघून इस्लिंग्टनच्या बोगद्यातून जाणारी बोट उन्हाळ्याच्या मोसमातील ठरावीक रविवारी चालते. डिसेंबरात आलात तर संग्रहालय पाहता येईल, पण ज्या बोटीसाठी नातू हट्ट धरून बसला आहे ती मिळेल याची खात्री नाही. शिवाय जूनमध्ये इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरात चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरताना हा फरक फार मोठा ठरतो.

आता त्या बोगद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या सहलीचे खरे आकर्षण तोच आहे. हा बोगदा ज्या रीजंट्स कालव्यावर आहे, त्याचा पहिला टप्पा १८१६ मध्ये आणि थेम्सकाठच्या लाइमहाउसपर्यंतचा उरलेला भाग १८२० मध्ये खुला झाला. वाटेत इस्लिंग्टनची टेकडी आडवी येते आणि तिच्या पोटातून सुमारे ८७८ मीटर लांबीचा हा बोगदा नेलेला आहे. जेम्स मॉर्गन हे त्याचे अभियंते. बोगदा इतका सरळ आहे की आत शिरल्यावर पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसतो. मात्र आतून घोड्याच्या चालण्याची वाट ठेवलेली नाही. त्या काळी मालवाहू बोटी काठावरून घोडे ओढत असत. बोगद्याशी आल्यावर घोडा सोडून टेकडीवरच्या रस्त्याने पलीकडे नेत आणि बोटीवरची माणसे फळ्यांवर आडवी पडून, भिंतींना पाय लावून, एकेक पाऊल रेटत बोट पुढे काढत. १८२६ मध्ये साखळीच्या आधाराने चालणारी वाफेची ओढबोट आली, तेव्हा कुठे हे कष्ट संपले. नातवाला हे आधी सांगून ठेवा. मग त्या अंधारातून जाताना तो नुसता गंमत म्हणून पाहणार नाही, त्या माणसांचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर येतील.

कॅम्डेन ते लिटल व्हेनिस ही बोट वेगळी आहे. ती खासगी मंडळी चालवतात आणि तिच्या फेऱ्या पुष्कळ असतात, त्यामुळे रविवारचे बंधन सहसा पडत नाही. तो मार्ग रीजंट्स पार्क आणि प्राणिसंग्रहालयाच्या कडेने जातो, दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि देखावा म्हणून तो अधिक सुंदर आहे, यात वाद नाही. त्याच मार्गावर मॅकल्सफील्ड पूल लागतो. १८७४ च्या ऑक्टोबरात बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम घेऊन जाणाऱ्या बोटीचा या पुलाखाली स्फोट झाला, बोटीवरचे तिघे जण मृत्यू पावले आणि पूल कोसळला. पूल पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब फिरवून उभे केले. त्यामुळे घोड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा आज खांबांच्या दोन्ही बाजूंना दिसतात. वेळ असेल तर दोन्ही सहली करा. एकच जमणार असेल, तर नातवासाठी बोगद्याची निवडा.

उन्हाळ्यातले विशेष कार्यक्रम म्हणाल, तर मे महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून लिटल व्हेनिसला बोटींचा मेळा भरवण्याची प्रथा १९८३ पासून आहे. त्यात सजवलेल्या बोटी, बोट वळवण्याच्या स्पर्धा आणि रात्री दिव्यांची मिरवणूक असते, पण आपण मेच्या मध्यावर येणार म्हणजे तो हुकेल. जुलैच्या सुमारास संग्रहालयात बर्फाच्या जुन्या व्यापाराला वाहिलेला एक रविवार असतो, तो अवश्य साधा. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी एंजलजवळ सिटी रोडच्या जलाशयावर कालव्याचा उत्सव भरत आला आहे. आपला पोळा कधी ऑगस्टअखेर येतो, तर कधी सप्टेंबरात, म्हणून पंचांग पाहूनच परतीचे तिकीट काढा. पोळा उशिरा असेल तर हा उत्सव आणि पोळा दोन्ही साधतील. त्या-त्या वर्षीच्या तारखा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहाव्यात आणि बोटीची तिकिटे आधीच घेऊन ठेवावीत, कारण बोट लहान असते.

उत्तर : पाटबंधारे_सेवानिवृत्त

महालकरांनी उत्तम माहिती दिली आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि पेंचच्या कालव्यांवर आयुष्याचा मोठा काळ घालवला. मुलाकडे इंग्लंडला गेलो असता हा कालवा मी मुद्दाम पायी फिरून पाहिला. त्या अनुभवावरून एक गोष्ट सुचवतो, जी सहलीच्या माहितीपत्रकांत ठळकपणे लिहिलेली आढळत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही बोटींच्या मार्गावर एकही लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद, लागत नाही. संग्रहालयाचा धक्का आणि बोगदा हे सेंट पँक्रास लॉक आणि सिटी रोड लॉक यांच्या मधल्या सपाट पाण्यावर आहेत, तर लिटल व्हेनिसपासून कॅम्डेनपर्यंतचे पाणीही एकाच पातळीचे आहे. कालव्याचा इतिहास शिकणाऱ्या मुलाने लॉक न पाहता परत यावे, हे मला पटत नाही.

आपल्याकडचा कालवा शेताला पाणी देण्यासाठी असतो, म्हणून त्याला उतार देतात आणि पाणी वाहते ठेवतात. वाहतुकीचा कालवा नेमका याच्या उलट असतो. त्याचे पाणी जवळजवळ स्थिर हवे, नाहीतर घोड्याने बोट प्रवाहाविरुद्ध ओढायची कशी? म्हणून जमिनीचा सगळा उतार काही थोड्या ठिकाणी एकवटून तिथे लॉक बांधतात. दोन्ही टोकांना दारे असलेला हा हौद आहे. बोट आत घेऊन दारे लावायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि पातळी जुळली की पुढचे दार उघडायचे. रीजंट्स कालवा साधारण चौदा किलोमीटर लांबीत सुमारे २६ मीटर खाली उतरतो आणि त्यासाठी त्यावर बारा लॉक आहेत. एका वेळी दोन ते अडीच लाख लिटर पाणी वरच्या पातळीतून खाली जाते. एवढे पाणी पुरवायचे, तर धरण हवेच. त्यासाठी लंडनच्या वायव्येस ब्रेंट नदी अडवून १८३५ मध्ये जलाशय बांधला, ज्याला लोक वेल्श हार्प म्हणतात. नागपूरकरांना तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांची नावे जशी ठाऊक असतात, तसे लंडनच्या किती रहिवाशांना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला तिथे पडला होता.

तेव्हा बोगद्याची सहल झाल्यावर संग्रहालयातून पश्चिमेला काठाकाठाने चालत सेंट पँक्रास लॉकपर्यंत जावे. अंतर थोडे आहे. उन्हाळ्याच्या रविवारी कोणी ना कोणी बोट घेऊन येतेच आणि दाराचे लांब लाकडी दांडे पाठीने रेटणारी माणसे पाहायला मिळतात. मुलांना मदतीला घेणारेही भेटतात, मात्र पालकांनी हात धरून उभे राहावे, कारण हौदाच्या कडेला कठडा नसतो.

हिवाळ्याचीही बाजू मांडतो, कारण जावयांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आपण जशी दुरुस्तीची कामे कालव्याला पाणी सोडण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या काळात उरकतो, तशी तिथे ती साधारण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत करतात, कारण तेव्हा बोटींची ये-जा कमी असते. त्या काळात काही लॉक पूर्ण रिकामे करतात, आणि देशभरातील निवडक ठिकाणी लोकांना रिकाम्या हौदाच्या तळाशी उतरून दोनशे वर्षांचे वीटकाम जवळून पाहू देतात. कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून हे कालवे सांभाळते आणि असे दिवस तीच जाहीर करते. मला विचाराल तर असा एक दिवस बोटीच्या सहलीइतकाच मोलाचा आहे, पण नातवाचा बेत बोटीचा आहे आणि तो आधी पुरा व्हावा.

उत्तर : सदर_वाचक

मूळ प्रश्नाला धरूनच थोडी भर घालतो. संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती कार्लो गत्ती या स्विस व्यापाऱ्याने १८६० च्या दशकाच्या आरंभी बर्फाचे गोदाम म्हणून बांधली. आपल्या नागपूरचे अजब बंगला संग्रहालय १८६३ चे, म्हणजे दोन्ही वास्तू एकाच काळातल्या. नॉर्वेतून जहाजाने आलेला बर्फ लाइमहाउसला उतरवून कालव्यातल्या बोटींनी इथे आणत आणि जमिनीखालच्या दोन प्रचंड विहिरींत साठवत. त्यांचा व्यास दहा मीटरच्या आसपास आहे आणि त्यांपैकी एका विहिरीत वरून डोकावता येते. पुढे यंत्रावर बर्फ होऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा व्यापार संपला.

नातवाला हेही सांगता येईल की त्याच्याही आधी, १८३३ मध्ये, अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला होता, आणि चेन्नईच्या समुद्रकाठी त्याच व्यापारासाठी बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. नागपूरच्या मे महिन्यातून थेट जाणाऱ्या कुटुंबाला त्या विहिरीचे महत्त्व कोणी वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. म्हणून संग्रहालय हे बोटीची वाट पाहण्याचे ठिकाण समजू नका, त्यासाठी निदान दीड तास राखून ठेवा.

लक्ष्मीनगर_नागपूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता मे महिन्यातच निघायचे असे घरात ठरले आहे, आणि हिवाळ्यात रिकामे लॉक पाहण्याची कल्पना जावयांना इतकी आवडली की ते नातवाला घेऊन नंतर स्वतंत्रपणे जाणार आहेत. सासूबाईंविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही. महालकर भाऊ, त्यांना बोटीत चढता येईल का, आणि बोगद्यात त्यांना गुदमरल्यासारखे तर होणार नाही ना?

महालकर_सध्या_लंडन

ताई, ते राहूनच गेले. या कालव्यांवरच्या बोटी जेमतेम दोन मीटर रुंदीच्या असतात. धक्क्यावरून पाऊल टाकताना बोट थोडी हलते आणि आत बसण्यासाठी एक-दोन पायऱ्या उतराव्या लागतात. कोणी हाताला धरले तर गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला हे जमण्यासारखे आहे, तरीही तिकीट काढण्यापूर्वी संग्रहालयाला त्यांच्या अडचणीविषयी लिहून विचारा. संग्रहालयाचे बरेचसे काम स्वयंसेवक आपुलकीने सांभाळतात आणि ते नीट उत्तर देतात. बोगद्यात दोन्ही तोंडांतून हवा खेळते, त्यामुळे गुदमरण्याची भीती नाही. मात्र भर जुलैतही आत गारठा असतो आणि छतातून पाण्याचे थेंब पडतात, म्हणून सासूबाईंसाठी शाल आणि डोक्याला रुमाल जवळ ठेवावा. किंग्ज क्रॉस स्थानकापासून संग्रहालय दहा मिनिटांच्या चालीवर आहे. एवढेही चालणे नको असेल, तर टॅक्सी न्यू व्हार्फ रोडवर थेट दारापाशी येते. काठाच्या वाटेवर सायकलस्वार वेगाने जातात, म्हणून लॉक पाहायला नातू आणि आजोबांना पाठवावे आणि सासूबाईंना तेवढा वेळ संग्रहालयातच बसू द्यावे.